हिल स्टे आणि वाकडा बांध

जाहीर निवेदन. समस्त नाशिककर, हरसूलकडचे पाडेकर, अंबडच्या कारखान्यांतले तिन्ही पाळ्यांचे कामगार आणि ज्यांच्याकडे वेळ आहे असे इतर सर्व, यांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, 'हिल' हा इंग्रजी शब्द प्रस्तुत लेखकाने आजपासून आपल्या घरात बंद केला आहे. जो कोणी तो उच्चारील त्याला चहा मिळणार नाही. निर्णय अंतिम आहे. बायकोने तो अजून मंजूर केलेला नाही, पण विचार चालू आहे.

हसा, हसा. मीही हसतोच. एवढ्याशा शब्दापायी मी सख्ख्या भावाच्या शेतात सरकारी मोजणी घेऊन गेलो. त्यानंतर मला भाऊ उरला आहे की नाही, हे मलाच नीट सांगता येत नाही. म्हणून हे लिहितो आहे. जे पाड्यावर राहिले त्यांनीही वाचावं, आणि माझ्यासारखे जे उठून इकडे आले त्यांनी तर दोनदा वाचावं.

मी घर सोडलं ते ऐन आवणीत. आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून खाचरात लावायची घाई. त्या आठ-दहा दिवसांत आमच्याकडे यम जरी न्यायला आला तरी त्याला म्हणतील, बाबा, आधी दोन ओळी लाव. नेमकं तेव्हाच आयटीआयच्या यादीत माझं नाव लागलं आणि दुसऱ्या दिवशी नाशिकला हजर व्हायचं होतं. बा गुडघाभर चिखलात उभा होता. तो वर आला नाही. तिथूनच म्हणाला, "जा. पण पाय धुऊन जा. शेरातली लोकं पायाकडं बघत्यात." आयने हातातली रोपांची जुडी खाली ठेवली नाही. माझा धाकटा भाऊ हिरामण तेव्हा आठवीत होता. तो सरकला आणि मी सोडलेली ओळ त्याने धरली.

ती त्याने धरली ती धरलीच. त्याला शाळा सोड असं कोणी सांगितलं नाही. माझी ओळ रिकामी होती, एवढंच. मी मात्र वर्षानुवर्षं लोकांना रंगवून सांगत आलो की मी कसा चिखलातून उठलो, हरसूलच्या स्टँडवर नळाखाली पाय धुतले, आणि त्र्यंबक येईपर्यंत नखांतला चिखल काडीने कोरत बसलो. हा प्रसंग मी फार छान करतो. अंबडच्या कँटीनमध्ये त्याचे कित्येक प्रयोग झालेत. त्यात हिरामणला एकही वाक्य नाही.

आता त्या शब्दाकडे येतो. आमच्या आश्रमशाळेत इंग्रजीचे गुरुजी होते. त्यांनी फळ्यावर लिहिलं, हिल म्हणजे टेकडी, माउंटन म्हणजे पर्वत. मी हात वर केला. म्हटलं, "गुरुजी, मग आमचा डोंगर कुठं गेला?" गुरुजींनी पुस्तक पुढून मागून चाळलं आणि मला उभं केलं. डोंगर पुस्तकात नव्हता आणि मी तासभर उभा होतो. आजही माझं मत असं आहे की चूक पुस्तकाची होती.

कारण आमच्याकडे उंच झालेल्या मातीला एका नावात कोंबत नाहीत. नांगराच्या बाजूला उठतो तो वरंबा. खाचरात पाणी अडवतो तो बांध. घर बांधायला जागा बघतात तो उंचवटा. नागली, म्हणजे नाचणी, लावतात ते टेकाड. डोंगराचा जो भाग पाड्यापर्यंत लोळत येतो ती सोंड. त्याच्या वर डोंगर, आणि डोंगराचा जो भाग बघितला की बाया मुलांना मागे ओढतात तो कडा. बा कधी म्हणाला, "सोंडंवर बैल हाय, आण," तर कुठे जायचं ते पायांना कळायचं. 'हिलवर बैल आहे' म्हटलं असतं तर आम्ही अजून शोधत असतो.

इकडे आलो आणि बघतो तर सगळं शहर हिलवर राहत होतं. अंबडमध्ये नोकरी लागली, रोजंदारीतून कायम झालो, तपासणी विभागात गेलो, आणि कर्ज काढून फ्लॅट घेतला तो 'ग्रीन हिल' नावाच्या इमारतीत. माहितीपत्रकावर डोंगर छापला होता. बाल्कनीतून खरोखर एक उंच हिरवी गोष्ट दिसायचीसुद्धा. ती शेजारच्या प्लॉटवर पायाभरणीतून काढलेल्या मुरुमाची रास होती आणि तिच्यावर गाजर गवत उगवलं होतं. पुढे रास हलली, तिथे सात मजले उठले आणि त्या इमारतीचं नाव पडलं 'हिल व्ह्यू'. त्यांना दिसणारी हिल म्हणजे आम्ही.

आयला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "आय, मी हिलवर राहतो. हिल म्हंजे डोंगर."

ती म्हणाली, "मंग इथून कशाला गेला?"

कारखान्यात तर या शब्दाचे आणखी प्रकार निघाले. आमचे साहेब बैठकीत तोंड पाडून सांगायचे, सगळं डाउनहिल चाललंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुशीत मान डोलावली. डोक्यावर लाकडाची मोळी असताना उतार लागला तर आमच्याकडे माणूस गाणं म्हणतो. मग कुणी सांगितलं की अपहिल म्हणजे कष्टाचं, नकोसं काम. बरोबर आहे. हरसूलच्या बाजारातून पाड्याकडे जायचं म्हणजे चढणच. पण त्या चढणीला आमच्याकडे 'घरी जाणं' असं म्हणत. इंग्रजीत ते नकोसं ठरलं आणि हळूहळू, कबूल करतो, मलाही ठरलं. आधी महिन्याला जायचो, न कळवता, मग सणाला, मग कोणी आजारी पडलं तर, आणि तेसुद्धा कितपत आजारी आहे ते विचारून.

बाने जाण्याआधी आम्हा दोघांची वाटणी करून दिली. कागदोपत्री, नकाशासकट, त्या बाबतीत तो पक्का. मोठं खाचर होतं, त्याच्या मधोमध त्याने नवा बांध घातला. मध्यावर मोहाचं झाड होतं, ते धरून सरळ रेघ. माझा अर्धा भाग डोंगराच्या बाजूला, वरचा, हिरामणचा खालचा. मी नाशिकला, म्हणून दोन्ही भाग हिरामणच कसायचा. दरवर्षी तांदळाचं एक पोतं खांद्यावर घेऊन तो माझ्या तिसऱ्या मजल्यावर यायचा, पाणी प्यायचा, आणि संध्याकाळच्या गाडीला परत. थांब म्हटलं की म्हणायचा, "गुरं हायेत." मी आग्रह करायचो, पण साधारण किती आग्रह केला म्हणजे तो थांबणार नाही याचा मला अंदाज होता.

मग हिल स्टेची टूम निघाली. आमचे कारखान्यातले लोक शनिवार-रविवारी डोंगरात जाऊन पैसे देऊन तंबूत झोपतात. माझी मुलगी पल्लवी हॉटेलचा कोर्स करते. ती एक दिवस म्हणाली, "पप्पा, लोक लांबलांब हिल शोधत फिरतात आणि आपल्याकडे स्वतःची आहे!" तिने तिथल्या तिथे मोबाइलवर बोधचिन्हसुद्धा काढलं: दोन त्रिकोण आणि एक सूर्य. मी हरखलो. माझा वरचा अर्धा भाग, पुढे डोंगर, मोहाच्या झाडाखाली खुर्च्या, नागलीची भाकरी ताटात. निवृत्तीनंतर मी शेकोटीपाशी बसून पाहुण्यांना चिखलातून उठल्याचा प्रसंग करून दाखवणार. प्रेक्षक आयते!

वैशाखात जागा बघायला गेलो. खाचर कोरडं होतं, त्यामुळे बांध एका नजरेत दिसला. आणि दिसलं की तो वाकडा आहे.

माझं आयुष्य वाकडं शोधण्यात गेलंय. कारखान्यातून निघालेला दांडा सरळ आहे की नाही हे बघायचं तर त्याची दोन्ही टोकं पकडायची, ती बरोबर आहेत असं धरायचं आणि मधे किती पोक आलंय ते मोजायचं. हाताला सवयच लागते. मी बांधाच्या एका टोकाला उभा राहिलो, एक डोळा मिटला, दुसरं टोक धरलं. मधला भाग मोहाच्या झाडापाशी माझ्या बाजूला फुगलेला होता. चांगला काही हात आत. म्हणजे कुणीतरी दरवर्षी थोडा थोडा बांध माझ्या शेतात ढकलला होता. आणि ते कसणारा माणूस एकच होता.

बांध कोरणारे भाऊ मराठी मुलखात काही कमी नाहीत. पण आपल्या घरात निघतील असं वाटत नाही. मी हिरामणला विचारायला हवं होतं. तो वीस पावलांवर गवताच्या पेंढ्या बांधत होता. मी विचारलं नाही. त्याने दिलेलं ताक प्यालो, "छान झालंय" म्हणालो, आणि नाशिकला येऊन भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाकला. अंबडमध्ये आमचा नियम होता: माल खराब दिसला तर मशीनवरच्या माणसाशी वाद घालायचा नाही, कागद करायचा.

भात कापून झाल्यावर मोजणीची तारीख आली. अर्ज केला की शेजारच्या शेतवाल्यांना नोटीस जाते. हिरामणला गेली. 'आपण सदर जमिनीचे लगतधारक असल्याने मोजणीच्या वेळी समक्ष हजर राहावे.' ती सरकारी भाषा त्याने शाळेतल्या मास्तरांकडून समजून घेतली आणि लगतधारक म्हणजे कोण ते विचारलं. मास्तरांनी सांगितलं, लागून जमीन असलेला, शेजारी. हे मला पुढे मास्तरांनीच ऐकवलं. हिरामणने मला फोन करून एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने फोन केला नाही.

मोजणीच्या दिवशी मी पोचलो तर बांधावरची सगळी काटेरी झुडपं तोडून बाजूला रचलेली. यंत्राला आडवं काही यायला नको म्हणून हिरामणनेच दोन दिवस खपून ती काढली होती. मोजणीचा अधिकारी तरुण, शांत गडी. त्याने तिपाईवर यंत्र बसवलं. पाड्यावरची माणसं कामं टाकून जमली. आय झाडाखाली फडकी अंथरून बसली. हिरामणची बायको यमुना चहा घेऊन आली, सगळ्यांना दिला, मला शेवटी, आणि यंत्राकडे बघत म्हणाली, "भावजी, येवढं आणलंच हाय तर आमचं घर पण मोजून घ्या. चूल कोणाच्या अंगाला येती ते कळंल."

लोक हसले. मीही हसलो, टोमणा उत्तम होता, दाद द्यायलाच हवी. हिरामण म्हणाला, "यमुने, गप." पण तोही माझ्याकडे बघत नव्हता.

दोन तास मोजणी चालली. माझ्या मनात माझं भाषण तयार होतं. हद्द निघाली, हिरामणची लबाडी उघडी पडली, की मी मोठ्या मनाने म्हणणार: अरे असू दे, भावाभावांत काय! क्षमा करायची माझी केवढी तयारी होती, सांगता सोय नाही. रडू कुठे आणायचं तेही ठरलं होतं.

अधिकाऱ्याने नकाशा काढला, पुन्हा जाऊन दोन्ही टोकांना बघून आला, आणि मला विचारलं, "अर्जदार तुम्हीच ना?"

"हो."

"बांध सरकलाय खरा."

मी दीर्घ श्वास घेतला. प्रवेशाची वेळ झाली होती.

"पण तुमच्या बाजूला नाही. त्यांच्या बाजूला सरकलाय. झाडापाशी बरोबर आहे, जुन्या रेघेवर. दोन्ही टोकं खाली गेलीत, या टोकाला सहा हात, त्या टोकाला चार. तुमच्याकडे त्यांची जमीन आहे, साहेब."

मी टोकं बरोबर धरली होती आणि मध्य चुकीचा. प्रत्यक्षात मध्यच बरोबर होता, टोकं हललेली. आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवतात, कशावर विसंबून मोजतोय ते आधी तपास. अठ्ठावीस वर्षं मी ते नव्या पोरांना ओरडून सांगत आलो.

अधिकाऱ्याने हिरामणला विचारलं, "हे असं कसं झालं? तुम्हीच कसता ना दोन्हीकडे?"

हिरामण संकोचला. चोरी पकडल्यासारखा. म्हणाला, "वरतून ओहळ येतो साहेब. दोन्ही टोकांनी खाली उतरतो. पावसात दोन्ही टोकं फुटत्यात. बा सांगून गेल्ता, फुटला बांध घालताना आपल्या अंगाला सरून घाल. दुसऱ्याच्या अंगाला सरला तर लोकं म्हनतील, खाल्ला." मग म्हणाला, "झाडापाशी फुटत नाय, म्हून तिथं हाय तिथंच हाय."

दरवर्षी. ओली माती पाटीने उचलून, दरवर्षी वीतभर आपल्या अंगाला. मी नाशिकमध्ये 'हिल व्ह्यू'चे मजले मोजत होतो तेव्हा हा माणूस पावसात उभा राहून स्वतःची जमीन माझ्याकडे सारत होता, कोणी मला सांगू नये की तुझ्या भावाने खाल्ली. आणि तेच, नेमकं तेच म्हणायला मी सरकार घेऊन आलो होतो.

पाड्यावरची माणसं फार सभ्य; ती एकेक करून कामाला निघून गेली. मला वाटलं यमुना आता फाडून खाईल, मला ते हवंही होतं. ती कप गोळा करत होती. मी माझं भाषण उलटं करून पाहिलं. म्हटलं, "हिरामण, अरे ते सगळं तुझंच. वरचासुद्धा तूच घे. मला काही नको." हे मी इतक्या सुरात म्हणालो की माझं मलाच ऐकू आलं.

तो म्हणाला, "तुझं तुला, माझं मला. आता निघालंच हाय तर दगड लावून घेऊ." मग त्याने आणि अधिकाऱ्याच्या माणसाने जुन्या रेघेवर हद्दीचे दगड रोवले. मी एक दगड उचलायला गेलो तर त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला, सवयीने, मी शहरातून आलेला म्हणून. आय झाडाखालून बघत होती. तिला कमी ऐकू येतं. तिने मला जवळ बोलावून विचारलं, "काय झालं रं? काय सापडलं?" मी म्हटलं, काही नाही आय, सगळं बरोबर आहे. ती म्हणाली, "मंग कशाला येवढी माणसं?"

जेवण वाढलं होतं. नागलीची भाकरी, उडदाची आमटी. जेवलो. न जेवता निघालो असतो तर तो नाटकीपणा झाला असता, आणि त्या दिवशी माझ्याकडे तेवढाही शिल्लक नव्हता.

हिल स्टे अर्थातच होणार नाही. पल्लवीला सांगितलं, जागेचा उतार योग्य नाही. तिने बोधचिन्ह पुसलं. माझ्यासारखे जे जे आलेत त्यांना मी ओळखतो. आपण सगळे एकच वाक्य म्हणतो: घर तिकडं आहे, इथं नुसते राहतो. फार आधार असतो या वाक्याचा. इथे नळाला पाणी नाही आलं, लिफ्ट बंद पडली, साहेब वाकडं बोलला, की आपण मनात तिकडे जाऊन बसतो. आपण सोडून आलेली ओळ तिथे कोणी तरी भरतंय, बांध घालतंय, म्हणून ते घर उभं असतं. ते आपल्या आठवणींवर उभं नसतं. मला हे कळायला यंत्र लागलं. आता इथे मी राहतो आणि तिकडे माझी जमीन आहे, दगड लावलेली. दोन्हींची कागदपत्रं माझ्याकडे व्यवस्थित आहेत.

त्या दिवशी निघताना हिरामण गाडीपर्यंत आला. मी दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. शेवटी म्हटलं, "येतो रे. पुढच्या महिन्यात परत येतो. दोन दिवस राहायलाच येतो."

त्याने मान हलवली, चार पावलं चढणीला लागला, आणि मग वळून, बोलायचं नसावं पण तोंडातून निघून गेलं तसं, म्हणाला, "दादा, येशील तव्हा आधी फोन कर."